दीडशे सेंटिमीटर

शार्दूल म्हणाला, ताई, डाउनलोडला अकरा तास लागलेत,
रिमोट हळू धर.
मी हळू धरला.
त्याला रिमोट म्हणत नाहीत, हे नंतर कळलं.
गोल खाल्ला की तो हातात थरथरतो,
टोपलीतून निसटू बघणाऱ्या खेकड्यासारखा.

पहिलं डोळ्यांत भरलं ते गवत.
इतकं गवत एकगठ्ठा मी पाहिलेलं नाही,
आणि एकही खड्डा नाही.
नेहरूनगरच्या मैदानातून नवरात्राच्या मंडपाचे बांबू निघायचे
आणि खड्डे दिवाळीपर्यंत आमचे.
कुठला कुठे, आम्हाला पाठ. पाहुण्या टीमला नाही.
यालाच घाग सर होम ग्राउंड म्हणायचे.

इथे चेंडू सरळ येतो.
सरळ आलेल्या चेंडूचं काय करतात
हे पहिली दहा मिनिटं मला समजलंच नाही.

मग बायका.
हो, बायकांच्या टीम आहेत, अख्ख्या, राखीव गोलकीपरसकट.
धावताना पोनीटेल लयीत हलते,
कुणीतरी त्यावर महिनाभर बसलं असणार.
पण कुणी दातांत रबरबँड धरून केस पुन्हा बांधत नाही,
कुणाच्या चड्डीला सेफ्टीपिन नाही,
पडल्यावर कुणी आधी टी-शर्ट खाली ओढत नाही.
ड्रेसिंग रूमला टाइल्स आहेत, आरसे आहेत.
आम्ही पंपहाउसच्या मागे
दोघींनी ओढणी धरायची, तिसरीने बदलायचं,
आणि गेटवरचा कुल्फीवाला
कुणी न सांगता पाठ करून उभा राहायचा.
त्याला कोण घालणार गेममध्ये.

तक्रारी:
पास जड आहे.
गोलकीपर उगाच डावीकडे झेपावते.
रेफरीला शिवी ऐकू जात नाही, तीनदा देऊन पाहिली.
आईने आतून विचारलं, कोणाशी भांडतेयस?
सहा-शून्य हरले.
ही सगळ्यात सोपी लेव्हल होती, शार्दूल म्हणाला,
आणि सहानुभूतीने फरसाणाची बशी पुढे केली.

तो झोपल्यावर मला खेळाडू घडवायचा कारखाना सापडला.
भुवया एकोणीस प्रकारच्या, कान पाच.
मी नाजनीन परकार घडवायला घेतली,
आमची अकरा नंबर,
कॉर्नरपाशी जागच्या जागी अशी वळायची
की समोरच्या दोघी एकमेकींवर आदळायच्या.
रंग जमला. हनुवटी बरी जमली.
उंचीची पट्टी मागे ओढत नेली, आणखी मागे,
दीडशेवर अडकली.
नाजनीन एकशे सत्तेचाळीस,
कॉलेजच्या दवाखान्यात भिंतीला लावून मोजलेली,
टाचा न उचलता.
मुंबईच्या निवडयादीत तिच्या नावापुढे शेरा एकच होता: उंची.
मी तिला तीन सेंटिमीटर उसने दिले.

कॉमेंट्रीवाला तिचं नाव घेत नाही,
नुसतं अकरा नंबर म्हणतो.
चालेल. आम्हीही तेच ओरडायचो.

दीड वाजता स्क्रीनचा फोटो काढून पाठवला.
ती नालासोपाऱ्याला असते, सकाळी तीस डबे करते,
झोपलीच असणार, असं धरून पाठवला.
दोन निळ्या खुणा.
'नाक कोणाचं लावलंस?'
मग बराच वेळ टाइप करत राहिली,
थांबली, पुन्हा टाइप करत राहिली.
'डावा पाय दिलास ना?'

शहात्तरावं मिनिट चालू होतं,
रात्रीत पहिल्यांदा मी बरोबरीत होते.
सामना सोडून बाहेर आले.
मेन्यू. खेळाडू. शरीर. आवडता पाय:
उजवा.
मी निवडलाच नव्हता,
न निवडता उजवा.