थांब कुणी म्हणायचं

तालुक्याच्या प्रशिक्षणातून परतले तेव्हा
पिशवीत एक पुस्तिका होती, एक प्रमाणपत्र,
आणि सावळजच्या आमच्या शाळेत एक संगणक, ज्याला
मुख्याध्यापकांनी टेलरकडून कव्हर शिवून घेतलं होतं,
झालरीसकट.
चौथीची पोरं एकतीस. वीज साडेअकराला जाते.

म्हणून मैदानात फक्कीने चौकोन आखले,
आठ आडवे, आठ उभे,
आणि म्हटलं, आज यंत्र आपल्यातलंच कुणीतरी.
शिवलीला माळगे उठली.
बोलायचं नसेल तिथे ती पहिली उठते.
घरी कन्नड, इथे मराठी,
दोन्हींच्या मध्ये ओठ मिटून बसलेली असते.

यंत्र विचार करत नाही, मी सांगितलं,
त्याचे पायही दुखत नाहीत.
सांगितलं तेवढंच, सांगितलं तसंच.
सुफियान मुलाणीने कागद वाचला:
दोन पावलं पुढे. डावीकडे वळ.
ती वळली. पण कुणाच्या डावीकडे,
यावर अर्धा तास भांडण.
हे पुस्तिकेत नव्हतं.

मग एकच सूचना शंभरदा लिहायला नको म्हणून
नवीन ओळ शिकवली: पुन्हा तेच कर.
सुफियान खणखणीत वाचायला लागला,
पुढे चाल, पुन्हा तेच कर,
आणि तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन,
पोषण आहाराचा तांदूळ किती किलो शिल्लक,
आत्ताच्या आत्ता कळवा.

फोन ठेवला तेव्हा मैदानात तीस पोरं होती.
तीसही गेटकडे बघत होती.
कुणी हाक मारत नव्हतं.
सूचनेत बदल करायची मुभा
मी कुणाला दिलीच नव्हती.

पळाले. गिरणीपाशी पीठ माखलेला माणूस म्हणाला,
गेली की एक पोरगी, नाकासमोर,
हाळी दिली तर बघंना.
द्राक्षाचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर
तिला वळसा घालून गेला म्हणे.

बेदाण्याच्या शेडपाशी सापडली.
समोर पत्र्याची भिंत, नाक टेकेल एवढी जवळ,
आणि ती जागच्या जागी
पाऊल उचलत होती, ठेवत होती, उचलत होती.
पत्र्यापलीकडे तिची आई
जाळीवर घड पसरत असणार.
तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

खांदा धरला, पाय थांबेनात.
थांब म्हटलं. थांबली.
घामेजलेली, आणि एवढी खूश
मी तिला कधी पाहिली नव्हती.
"तुमी थांब म्हणलाच न्हाईसा की, बाई."

जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं,
एकोणीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं:
सांगितलेलं कळत नाही का तुला?
कळलं होतं. माझं बोलणं
इतकं तंतोतंत आजवर कुणालाच कळलं नव्हतं.

परतताना तिने माझं बोट धरलं.
मला बिरा कोळेकर आठवला,
आठ-नऊ वर्षांपूर्वीचा.
बाहेर उभा राहा, मी म्हटलं होतं,
आणि विसरले.
शाळा सुटली तेव्हाही तो दारापाशी होता,
हातातल्या पाटीवर बेरीज पुसट झालेली.
वर मीच रागावले होते, वेडा आहेस का म्हणून.

वर्गात आल्यावर फळ्यावर लिहिलं,
चूक यंत्राची नसते.
पोरं म्हणाली, मग कुणाची?
सूचना देणाऱ्याची, असं लिहायला
खडू जरा जड गेला.

मग दुरुस्ती.
जर भिंत आली, तर थांब.
जर गेट आलं, तर मागे फीर.
जर भूक लागली? तर यंत्राला भूक नसती रे, येड्या.
जर कुत्रं लागलं मागं? गोंधळ, टाळ्या, बाकांवर उड्या.

आणि तिसऱ्या रांगेतून, मिटलेले ओठ उघडून,
शिवलीला:
"जर बाई इसरल्या तर?"

ती ओळ मी तिच्याच शब्दांत लिहून घेतली.
'तर'च्या पुढे जागा सोडली आहे,
फळा पुसणाऱ्या पोरांना सांगून ठेवलंय.

साडेतीनला वीज आली.
कव्हर काढायचं कुणालाच सुचलं नाही.