नामसूची

रावपुऱ्यात, टॉवरपासून आत तिसऱ्या गल्लीत,
जिथे मराठी छापणारं आता एवढंच दुकान उरलंय,
मी मुद्रितं तपासतो.
बहुतेक चरित्रं, आत्मचरित्रं.
वारसांना पंचाहत्तर प्रती पुरतात,
त्यातल्या साठ कपाटात राहतात.

सत्तेचाळीस थोर माणसं माझ्या लाल पेनाखालून गेली.
सगळ्यांची आई सोशिक,
सगळे कंदिलाखाली शिकले,
आणि तिसऱ्या प्रकरणात सगळ्यांना एक कडक मास्तर भेटला,
आतून फणस.
मी वेलांट्या बघतो.
मजकुराला हात लावायचा नाही, हा धंद्याचा धर्म.

या महिन्यात आले घारपुरे साहेब,
पाणीखात्याचे मुख्य अभियंता, निवृत्त, आता दिवंगत.
हस्तलिखित मुलीने आणून दिलं
मिठाईच्या पिशवीत घालून,
म्हणाल्या, बाबांचं अक्षर शेवटी शेवटी उताराला लागलंय,
सांभाळून घ्या.

प्रकरण सातवं. पुराची रात्र. विश्वामित्री बंधाऱ्यावरून.
'मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. पट्टीवरचा आकडा वाचला.
काठावर एक माणस दोर धरून होता.'

माणस.
अक्षरं जुळवणारा हितार्थ गुजराती,
त्याच्या बोटांना या शब्दात उकार लागतच नाही.
मी 'ण'खाली दीर्घ ऊकार दिला,
समासात खूण केली,
आणि पेन तिथेच राहिलं.

तो दोर मला माहीत आहे.
म्हणजे दोर नाही, त्याची वाट:
दादांच्या उजव्या तळव्यात, करंगळीपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत
एक गुळगुळीत पांढरी पन्हळ.
त्यांची मूठ कधी पुरती मिटली नाही.
नाणी निसटायची.
मांडवीतला ज्योतिषी म्हणाला होता,
ही आडवी रेघ कुठल्या पोथीत नाही, मला वाचता येत नाही.
दादा खूश. चार आणे वाचले.

विचारलं तर एवढंच:
'साहेब घसरले. मी धरलं.
मगर होती म्हणतात. मला काय दिसली नाही.'
हुद्दा साखळीवाला, वर्ग चार.
मोजणीची साखळी ओढत त्यांनी अर्धं बडोदं मापलं
आणि राहिले वाडीत, दोन खोल्यांत,
ज्यांची लांबीरुंदी त्यांनी कधी सांगितली नाही.

साहेबांवर राग नाही.
एक्याण्णवाव्या वर्षी आठवून लिहिलंय.
बंधाऱ्याची उंची इंचापर्यंत आहे,
पंपाच्या कंपनीचं नाव आहे,
कलेक्टरच्या कुत्र्याचंसुद्धा आहे, टायगर.
एक नाव निसटलं असेल.
नाण्यासारखं.

मजकुराला हात लावायचा नाही.
पण नामसूची मीच करतो.
ती कोणी वाचत नाही,
आपलं नाव आहे का, एवढं बघायला उघडतात.
काल रात्री 'श'पर्यंत आलो.

शहा, रमणलाल ४१, ६६
शिर्के, आनंदराव ९, १०, ८७
शेडगे, केरबा ११२
श्रॉफ, डॉ. १३०

सकाळी बाईंचा फोन.
'एकशे बारा दोनदा वाचलं हो,
हे नाव नाही तिथे.'
मी म्हटलं, दोर आहे ना?
'आहे.'
मग त्याच्या काठावरचं टोक बघा.

बराच वेळ फोनमध्ये त्यांचा पंखा फिरत राहिला.
मग म्हणाल्या,
'बाबांच्या कमरेभोवती एक वळ होता.
आई विचारायची,
तर म्हणायचे, पट्ट्याचा.'
आणि थांबून,
'शेडगे म्हणजे... तुमचंही आडनाव शेडगेच ना?'

हितार्थ दारात उभा.
काका, छेल्लुं पान आपो, मशीन थांबलंय.
दिलं.
केरबातला 'बा' त्याने बरोबर जुळवला होता,
तरी मी पुन्हा एकदा पाहिला.