माग

नार्वा शहरात ऊब नळातून येते,
एकाच भट्टीतून साऱ्या घरांना.
जानेवारीत, पहाटे पावणेतीनला,
भट्टीला कुणीतरी सांगितलं : गप्प बस.
ती बसली. बाहेर उणे एकोणीस.

चौथ्या मजल्यावरच्या झिनाइदा अर्काद्येव्नांनी
तीन स्वेटरांवर नवऱ्याचा जुना कोट चढवला
आणि जिन्यात मला अडवून विचारलं,
कोण गं तो मेला?

माग काढणं हेच माझं काम.
पहिला निघाला इथल्याच कारकुनाच्या पासवर्डापाशी,
तिथून परमुलखातल्या एका दंतवैद्याच्या संगणकात
(तो अजून दाढा उपटतोय, त्याला गंधवार्ता नाही),
मग एक भाड्याचा सर्व्हर,
भाडं भरणारा सहा वर्षांपूर्वी वारलेला.
प्रोग्रॅमच्या पोटात एक शिवी सापडली,
नदीपलीकडच्या भाषेतली.
झिनाइदाबाई त्याच भाषेत शिव्या देतात.
मीही देते, दारात बोट चेमटलं की.

खिडकीतून नदी दिसते, पलीकडचा किल्ला दिसतो,
तटावर सिगारेट ओढणारा माणूससुद्धा.
दिसणं म्हणजे पुरावा नव्हे,
म्हणाले ताल्लिनहून आलेले वकील, उर्मास पिहलाक,
आणि माझ्या अहवालावर लाल पेन धरलं.
'त्यांनी तोडली'चं 'तोडली असावी' झालं,
मग नुसतंच 'तोडली गेली'.
वाक्य आत आलं,
कर्ता राहिला बाहेर, थंडीत.

"हात कुणाचा ते तू सांगशील गं,
हाताला हुकूम कुणाचा?
पगार सरकारी, की सरकारनं फक्त पाठ फिरवली?
कायद्यात या वेगवेगळ्या खोल्या आहेत.
भलत्या दारावर लाथ मारलीस
तर आरोपी आपण."
एक कागद होता, सगळं सांगणारा.
तो कुणी दिला हे सांगता येत नाही,
म्हणून तो कागद नव्हताच.

माझी आई क्रेनहोल्मच्या गिरणीत मागावर होती.
तुटलेला धागा शेकड्यांतून बोटांनी हुडकायची.
प्रत्येक बाईची गाठ वेगळी, म्हणायची,
मुकादमाला नाही कळत, आम्हाला कळते.
ही गाठ मी याआधी दोनदा पाहिली आहे :
एका दुधाच्या कारखान्यात,
एका प्रसूतिगृहात.
अहवालात गाठीला रकाना नाही.

तिसऱ्या दिवशी नळ कण्हले, तापले.
झिनाइदाबाई पुन्हा जिन्यात, कोट अजून अंगावरच.
लागला का पत्ता?
चौकशी चालू आहे, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.
म्हणजे तुला ठाऊक आहे, म्हणाल्या,
आणि कठड्याला धरून
एक एक पायरी वर गेल्या.