शब्दयोगी

छत्तीस वर्षं मी गॉर्टमध्ये टपाल वाटलं.
पत्ता अर्धा असला तरी घर सापडायचं.
'पुलापलीकडच्या लंगड्या डॉनलला', एवढं पुरे.
म्हणून वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, फिंटन,
बुधवारी संध्याकाळी इंग्रजी शिकवशील?
त्यात काय, म्हटलं, जन्मभर बोलतोच आहे.

पहिल्याच बुधवारी वाल्देसीने विचारलं,
बसला ऑन आणि मोटारीला इन, असं का?
तो मांसाच्या कारखान्यात हाडं सोडवतो,
सांधा कुठे आहे ते आधी सुरीला कळतं म्हणतो.
मी म्हटलं, जिथे उठून चालता येतं तिथे ऑन.
तो विचारात पडला. मग, "आणि घोड्यावर?"
वर्ग हसला. मीही हसलो.
रात्री मात्र झोप लागेना.

त्याने निबंधात लिहिलं:
काल रात्री मी आईबरोबर स्वप्न पाहिलं.
लाल पेनने मी 'बरोबर'ला चूक ठरवलं,
वर लिहिलं, अबाउट.
आमच्या ब्राझीलमध्ये बरोबरच पाहतात, तो म्हणाला.
नऊ वर्षांत तो घरी गेलेला नाही.

नानुली कुताइसीची.
हाइन्सबाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करायची,
गोळ्या, आंघोळ, रविवारी केसांना पिना.
तिच्या भाषेत प्रत्यय शब्दाच्या कडेवर बसतो,
इंग्रजीत तो पुढे सुटा चालतो
आणि गर्दीत हात सुटतो.

मार्चातल्या एका मंगळवारी, पहाटे पाचला,
तिने बोस्टनला फोन लावला. तिकडे मध्यरात्र.
'पास्ड' तिला येत होतं.
त्याच्यामागे काय लावायचं ते आठवेना.
ती म्हणाली, आउट.

मुलगा म्हणाला, शुद्ध हरपली? पाय उंच कर.
तोंडावर पाणी मार. फोन ठेवू नकोस.
आणि नानुली, जिने स्वतःच्या हाताने
त्या पापण्या मिटल्या होत्या,
ती उठली, पेला भरला,
गार पडलेल्या कपाळावर पाणी शिंपडू लागली.
तो सांगत होता म्हणून.
त्याच्या आवाजात इतकी आशा होती म्हणून.
चार मिनिटं.
मग शेजारीण आली, तिने फोन घेतला.

पुढच्या बुधवारी ती वही उघडून बसली.
पास्ड अवे, पास्ड आउट, पास्ड ऑन, पास्ड बाय.
बाय म्हणजे टपालवाला, मी म्हटलं,
तुमच्या दाराशी न थांबणारा.
कुणी हसलं नाही.
"नुसतं 'गेली' म्हटलं तर?" तिने विचारलं.
"इंग्रजीत लोक विचारतील, कुठे?"

मग मला काय सुचलं कोण जाणे,
मी आईची आयरिश फळ्यावर लिहिली.
त्या भाषेत माणूस दुःखी नसतो,
दुःख त्याच्यावर असतं.
भूक वर असते, थंडी वर असते, लाजसुद्धा.
वाल्देसी म्हणाला, वर असेल तर उतरवता येत असेल.
नानुलीने मान हलवली, पण हो की नाही
ते मला कळलं नाही.

जूनमध्ये तिला बोस्टनहून पत्र आलं.
ते तिने वर्गात आणलं, एका ओळीवर बोट ठेवलं:
तू तिच्याबरोबर होतीस, याबद्दल आभार.
"यातलं 'बरोबर' बरोबर आहे?"
आहे, म्हटलं. लाल पेन खिशातच होतं.

त्या दिवशीचा धडा वेळेचा होता,
गाळलेल्या जागा भरा.
पाचला अ‍ॅट, मंगळवारला ऑन, मार्चला इन.
बाकीचे एकमेकांच्या वहीत डोकावत होते.
नानुलीने तिन्ही न विचारता भरले.