पितळ पुढं, सोनं मागं

सकाळी साताला मी सीनेची वाळू चाळते,
खडे वेचते, काचा वेचते,
मग डब्यातला पितळेचा कीस
आमटीत मीठ टाकावं तसा टाकते.
चिमूटभर. जास्त झाला
की माणसांना संशय येतो.

तिऱ्हे फाट्यावर बोर्ड आहे:
सोनं शोधा, माणशी दोनशे,
लहान मुलांना निम्मे, हुरडा वेगळा.
मल्लिनाथ बिराजदारांची ही कल्पना.
हैदराबादच्या गाड्या थांबतात, लातूरच्या थांबतात,
मी हातात पाटी देते आणि सांगते,
ताई, पाणी फिरवा, हिसका देऊ नका.
पाळणा हलवता ना, तेवढंच.

हे मी सराफ कट्ट्यात शिकले,
दुकानं उघडायच्या आधी,
सासूच्या मागं वाकून
गटाराच्या कडेचा गाळ ओढताना.
झाडलोटीचाही भाव ठरायचा तेव्हा,
कुणाच्या दुकानाची धूळ वर्षाला कितीला.
सासू धूळ चिमटीत चोळून सांगायची,
इथं बांगड्या झाल्यात,
इथं नुसती जोडवी.
गाळ धुवायचा, राख धुवायची, पारा लावायचा,
आणि शेवटी मुगाच्या डाळीएवढं काहीतरी.
पाऱ्याचा हात तोंडाला लावायचा नाही,
हे सगळ्यात आधी शिकायचं.

आता तिथं काचेची दारं आहेत.
मशीन धूळ गिळतं
आणि पोट कुठं रिकामं करतं
ते आम्हा झारेकऱ्यांना कुणी सांगत नाही.

परवा नातवंडांबरोबर वेदपाठक आले.
काठी, मफलर, तोच तपकिरी कोट.
मी ओळखलं. त्यांनी नाही.
त्यांच्या धुळीवर माझ्या दोन नणंदा उजवल्या.
"आजोबा, तुम्ही करा की ओ," नात म्हणाली.
म्हातारा खाली बसला. हात थरथरत होते,
पण बोटांनी वाळू अशी उलगडली
की माझं सांगणं तोंडातच राहिलं.
एक कण उन्हात धरला,
माझ्याकडं बघून हळूच म्हणाले,
"बाई, हे पितळ आहे."
"होय की," मी म्हटलं.
हसले. नातीला म्हणाले,
"सापडलं बघ."

संध्याकाळी पाट्या धुताना
एक कण मागं राहिला.
पितळ पाण्याबरोबर पुढं पळतं.
हा हलेना.
कोटाच्या शिवणीतला असेल, नाहीतर खिशातल्या धुळीतला,
किती वर्षं अडकून बसलेला.
जोंधळ्याच्या कणीच्या निम्मा.
कट्ट्यावर न्यावा तर रिक्षाचं भाडं जास्त.
दिवा लागेपर्यंत तळहातावर ठेवला,
मग परत वाळूत सोडला.

आज दुपारी एका पोराला तो सापडला.
"एवढाच?"
बोटानं उडवला
आणि शेजारचा मोठा, चकाकता घेतला.
मी तो डबीत घालून दिला. डबी फुकट असते.

उडालेला कुठं पडला
ते मात्र बघून ठेवलंय.