घसारा

समितीची बैठक तीन वाजता.
मी कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी,
दोन पेन्सिली हातात, तिसरी कानावर.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली,
खोकला तेवढा सोडून.
खोकला कामकाजात धरत नाहीत.

त्या दिवशी विदेश मंत्रालयाच्या मागण्या होत्या.
अध्यक्षबाई चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
हा भूखंड घेऊन अकरा वर्षं झाली.
त्याला कुंपण आहे. कुंपणाला रखवालदार आहे.
रखवालदाराला थंडीचा भत्ता आहे.
इमारत कुठंय?
सचिव म्हणाले, आराखडा विचाराधीन आहे.
आणि समोरच्या रस्त्यावर, भाड्याच्या घरात, राजदूत.
तेही विचाराधीन का?
कुणीतरी हसलं.
ते हसू मी लिहिलं नाही.

मग मालमत्तेची नोंदवही, पान बेचाळीस.
गालिचे नऊ, पैकी कसर लागलेले चार.
झुंबर एक, फुटके.
पियानो एक, चावी आढळत नाही.
आणि माझी पेन्सिल अडखळली:
खुर्च्या, सागवानी, कोरीव पाठीच्या,
नग चोवीस, खरेदी किनवट, जिल्हा नांदेड.
प्रत्यक्ष आढळल्या सतरा.

त्या गार खोलीत, सरकारी हिंदीत,
माझ्या गावाचं नाव कुणी इतकं नीट उच्चारलं.
मी मान वर केली नाही.

बाकी सात?
सचिवांनी मागं पाहिलं.
सहसचिवांनी मागं पाहिलं.
त्यांच्या मागं भिंत होती.
माहिती गोळा केली जात आहे.
या वाक्यासाठी माझ्या लघुलिपीत एकच रेघ होती,
इतकं ते लागायचं.

निवृत्त झालो, गोकुंद्यात बहिणीकडं राहायला आलो.
पोशट्टी वड्ला अजून होता,
सॉमिलच्या मागं, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी
हरभऱ्याचा टहाळ सोलत.
म्हटलं, तुमच्या सात खुर्च्या सापडत नाहीत.

सापडत न्हाईत म्हंजे?
लाकूड काय पळून चाललं का?
कुनीतरी बसायलं आसंल की त्यायच्यावर.

मग मी त्याला घसारा समजावला.
दरसाल किमतीतून थोडं थोडं उडवायचं,
शेवटी वस्तू वहीत एक रुपयाची उरते,
मग एक सही, आणि ती नसतेच.
पोशट्टी बराच वेळ दाणे चाचपत राहिला.
माहं ऱ्हायलेलं बिल बी तसंच झालं बगा,
दरसाल थोडं थोडं.
आता रुपयाच उरला आसंल.
एवढं बोलून हसला,
आणि मला लिहावंसं वाटलं ते हसू.

उभे कामून? बसा की.
आतून ओढत आणली ती खुर्ची कोरीव पाठीची होती.
वेलीत मोर, मोराला डोळा एकच.
ही पंचविसावी. मागचा पाय आखूड पडला,
म्हनून गाडीत चढवली न्हाई.
बोटभर चुकलं. रातच्याला काम केलं की आसं व्हतंय.

हातांवर सागाचं तेल जिरून काळा झालेला भाग,
तिथंच माझे हात जाऊन टेकले.
ही कुठल्या पानावर नव्हती,
हिला कुणी मोजलं नव्हतं,
आणि ती गेली अठ्ठावीस वर्षं
दुपारची झोप, तापातली नातवंडं, कापडाचे ढीग
सगळं पेलत होती.

त्या बाई पुना इचारतील का वो?
पुढच्या वर्षीचा कृती-अहवाल मीच लिहून घेतला होता.
खुर्च्या सात, निर्लेखित.
समितीने उत्तर स्वीकारले.

विचारतील, मी म्हणालो.
सवयीनं कानावर हात गेला, पेन्सिल नव्हती.
मी जरा रेललो तशी खुर्ची डुगडुगली,
आणि पोशट्टीनं, टहाळावरनं नजर न काढता,
पायाच्या अंगठ्यानं
फरशीची चीप आत सरकवली.