दोन टक्के

गिरणीच्या वहीचं मागचं पान माझं.
पुढं दळणाचे हिशेब, कोणाची ज्वारी, कोणाचा गहू,
कोणाचे सुटे राहिले.
मागं शेवंता.

बूट, डाव्या पायाचा, पट्ट्यासकट, अठ्ठावीसशे.
सेलू ते परभणी, जाणं-येणं, आठवड्यातून दोनदा.
मालिशचं तेल. रिक्षा,
कारण तिला कडेवर नेता नेता
माझा खांदा उतरला होता.
आणि जमेची एकच ओळ:
योजनेचे आले.
कधी तीन महिन्यांचे एकदम आले.
एकदा आलेच नाहीत, तर मुंजाजी
बँकेच्या पायरीवर डबा सोडून जेवायलाच बसले.

नांदेडच्या शिशुगृहात तिच्या फायलीवर
नाव नव्हतं, आकडा होता.
बाई म्हणाल्या, नीट विचार करा,
डावी बाजू कमजोर आहे, खर्च वाढत जाईल.
मुंजाजी म्हणले, आमच्या मोटारीचाबी
एक फेज जातो अधूनमधून,
गिरणी काय मोडीत नाही काढली.
बाई हसल्या नाहीत. मग हसल्या.

गल्लीत म्हणाले, पगारी लेकरू आणलं.
मी त्यांचंही दळण दळलं,
सांगितलं होतं त्याहून बारीक.

गिऱ्हाईक नसलं की शेवंता
माझा पदर धरून वजनकाट्यावर चढते,
भुवयांपर्यंत पीठ, आणि ओरडते, माय, किती?
मी म्हणते, सोळा किलो, दळण कधी न्यायला येता?
ती म्हणते, उद्या.
रोज उद्या.

तीन वर्षांनी पुन्हा तपासणी आली.
मागच्या कागदावर बेचाळीस टक्के होते
आणि शिक्का, तात्पुरते.
परभणीच्या दवाखान्यात, रांगेत,
पाथरीची एक बाई, मांडीवर तेरा-चौदा वर्षांचा पोरगा,
माझ्या कानात म्हणाली,
आज लई चालू देऊ नको तिला.
चाळीसच्या खाली गेलं की बंद होतं.
तोंड वाईट बाईचं नव्हतं तिचं.
बोलता बोलता पोराची लाळ पुसली तिनं,
न बघता, जसं मी दळण संपलं की
गिरणीचं तोंड पुसते.

मी वाकले. शेवंताला म्हणले,
आज हात सोडू नको माझा.
एवढंच म्हणले.
कामून, ते नाही सांगितलं.
ते वाक्य अजून टाळूला पिठासारखं चिकटलेलं आहे.

पण आत, भिंतीपाशी, वजनकाटा होता.
तिनं तो पाहिला आणि हात सोडला.
एक. दोन. डावा पाय जरा ओढत, तीन,
टेबलाला न धरता, सहा, सात,
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं,
अकराव्या पावलाला ती काट्यावर
आणि ओरडली, माय, किती?

मला पाठ होतं. तरी तोंड उघडेना.
डॉक्टरच वाकले, म्हणाले, सोळा तीनशे.
मग खुर्चीवर जाऊन त्यांनी लिहिलं
अडतीस.

त्यांचं काही चुकलं नाही.
ज्या पैशानं ती अकरा पावलं चालली
तो अकराव्या पावलाशी संपला.

मुंजाजी तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात होते.
त्यांना मी गाडीत सांगितलं,
मानवत रोडला गर्दी चढल्यावर, गलक्यात.
अकरा? म्हणले. न धरता? अकरा?
खिडकीशी बसलेल्या परक्या माणसालाही सांगितलं.
मग सेलू येईपर्यंत बोलले नाहीत.

रात्री वही उघडली.
जमेच्या ओळीवर काट मारली नाही, मोकळी ठेवली.
वरच्या ऑफिसात अर्ज करता येतो म्हणे.
पण लिहायचं काय त्यात?
माझी लेक चालली, ही तक्रार?

बूट दारात होता. आत हात घालून पाहिला,
अंगठ्याची खूण पुढच्या शिवणीला टेकलेली.
तीन महिने निघतील, फार तर चार.
पाय काही टक्के विचारून वाढत नाही.

पाटीवरचा दर एक रुपयानं वाढवावा का,
हे विचारायला गिरणीत गेले,
तर मुंजाजी अंधारातच
मोटारीपासून काट्यापर्यंत पावलं टाकत होते.
सहा भरली, म्हणले.
तिची किती भरतात, बघू.